सुखीबाईंची काचपेटी

सुखीबाई आडे यांच्या घरात पाण्यानं भरलेली काचेची पेटी आली, तेव्हा तांड्यात पहिली चौकशी झाली ती रश्श्याची.

"मासे खायाले आनले का पाहाले?" त्यांची जाऊ मानीबाई दारातूनच म्हणाली.

"पाहाले," सुखीबाई म्हणाल्या.

"पाहून पोट भरते का बाई?"

"तुह्यं नाई भरनार. तू जाय."

मानीबाई गेली नाही. उंबऱ्यावर बसून तिनं पेटी नीट पाहून घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या तांड्याला सांगून टाकलं, की सुखीनं घरात डबकं आणलं.

हा तांडा फुलसावंगीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत आहे. सुखीबाईंचे यजमान धावजी आडे एस.टी.त ड्रायव्हर होते आणि मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. ड्युट्या बदलत राहायच्या, पण फिरून फिरून आमची जोडी जमायची. कंडक्टर असूनही मला मोठ्यानं बोलणं कधी जमलं नाही. गर्दी झाली की "मागचे पुढं सरका" हे माझ्या वतीनं धावजीच ओरडायचे, तेही स्टिअरिंगवरून मान न वळवता. आमच्या दोघांतलं बोलणं बहुतेक घंटीवरच चालायचं. मी दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. घंटीशिवाय ब्रेक लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. रस्त्यात खुद्द साहेब उभा असला तरी ते आधी घंटीची वाट पाहायचे.

सुखीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते रस्त्याच्या मधोमध. धावजी डबा घरी विसरले होते. तांड्याच्या वळणावर तेव्हा थांबा नव्हता. गाडी वळली तर समोर एक बाई, डोक्यावर पदर, हातात डबा, दोन्ही पाय रोवून उभी. धावजींनी ओळखलं, पण पाय ब्रेकवर ठेवेनात. नुसता हॉर्न वाजवत गाडी हळूहळू पुढं नेत राहिले. ती बाईही हलेना. गाडीतली माणसं हसायला लागली. शेवटी मीच घाबरून दोरी ओढली, तेव्हा गाडी तिच्या पुढ्यात येऊन थांबली.

"मी मेली असती म्हंजे?" सुखीबाई खिडकीतून डबा देत म्हणाल्या.

"घंटी नव्हती," धावजी म्हणाले.

सुखीबाईंनी मागं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, याईच्यापेक्षा तुम्हीच बरे," एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा भाऊजी झालो.

त्यांचं माहेर राळेगावकडच्या एका तांड्यातलं. शाळेत गेल्या नाहीत. धावजींचा मुक्काम माहूरला असायचा त्या काळात घरची चार एकर पऱ्हाटी (कपाशी), दोन पोरं आणि सासू यांचं सगळं त्यांनी एकटीनं केलं. त्यांचं कौतुक मात्र तांड्यात या गोष्टींसाठी होत नव्हतं. होत होतं ते तिजेसाठी. तीज हा बंजारा मुलींचा सण. श्रावणात लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांमध्ये माती भरून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि आठ-नऊ दिवसांनी ते वीतभर वाढलेले कोवळे अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. कोणाची तीज दाट आली, कोणाची विरळ, यावरून पोरींमध्ये मोठी चुरस असते. लहानपणी सुखीबाईंची तीज सगळ्यांत दाट यायची म्हणतात. लग्नानंतर तीज पेरता येत नाही, पण मातीचा हात त्यांचाच राहिला. या तांड्यातल्या पोरी अजूनही टोपल्या घेऊन त्यांच्याच दारी येतात. वारुळाची भुसभुशीत माती आणायची, चाळायची, त्यात बकरीच्या लेंड्या कुटून मिसळायच्या. कशात किती ते त्या मुठीनं ठरवतात.

धावजी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी, सोयाबीन निघत असताना, त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. यवतमाळला दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं होतं. निघताना डॉक्टर सुखीबाईंना म्हणाले, की औषधानं व्हायचं ते झालं, आता त्यांना बसवा, उठवा, हातपाय हलवून घ्या. आणि म्हणाले, "पण हे सगळं त्यांच्या मनानं घेतलं तरच."

मनानं घेतलं नाही. धावजी खाटेवर पडून वरच्या टिनाकडे पाहत राहायचे. बसवलं तर कलंडायचे. पाय धरून हलवायला लागलं तर डोळे मिटून घ्यायचे. मुलगा पुण्याला कंपनीत होता, तो फोनवर "बापू, बापू" करायचा. बापू फोनकडे बघतही नसत.

मी भेटायला गेलो तेव्हा सुखीबाई त्यांना दलिया भरवत होत्या. धावजींनी डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या लाकडावर ठक् केलं.

"पाहा न भाऊजी, हे असंच ठोकून राह्यले दिवसभर. काय पाह्यजे ते समजत नाई."

मला लगेच समजलं. सांगायचा थोडा संकोच वाटला, कारण ते फार साधं होतं. "एक म्हणजे थांबा," मी म्हणालो. "दोन म्हणजे चालू द्या."

सुखीबाईंनी चमचा खाली ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला आणि विचारलं, "देऊ?" ठक् ठक् झालं. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, आणि मग पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

काचपेटीची गोष्ट सुरू झाली ती महागावात. धावजींना पुन्हा दवाखान्यात दाखवून परत येताना ऑटो बिघडला, म्हणून त्यांना जमीरच्या दुकानात खुर्चीवर बसवलं. जमीर मोटारपंपाचं वाइंडिंग करतो. चाळिशीचा, बोलका गडी. त्याच्या दुकानात तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांमागे एक काचपेटी आहे. आत प्लास्टिकची फुलं वगैरे नाहीत, खरी हिरवी झाडं आहेत, आणि त्या झाडांमधून बोटाच्या पेराएवढे रंगीत गप्पी मासे फिरतात. दुकानात एवढी ठोकाठोक आणि एका कोपऱ्यात ते शांत हिरवं पाणी. धावजींची नजर तिथं गेली. एक मासा डावीकडे गेला तशी त्यांची मान डावीकडे गेली. मासा पानाआड गेला तर ते पुढं वाकले. सुखीबाईंनी पाठीमागे धरलेला हात हळूच काढून घेतला. धावजी आधाराशिवाय बसले होते.

कोणाकडे कधी काही न मागणाऱ्या सुखीबाई म्हणाल्या, "जमीर, अशी पेटी मले पाह्यजे."

जमीरकडे एक जुनी गळकी पेटी होती. तिच्या सांध्यांत त्यानं सिलिकॉन भरून दिलं, झाडांच्या काड्या आणि सहा मासे दिले, आणि सगळं समजावून सांगितलं. नळाचं पाणी एक दिवस घागरीत ठेवून मग टाकायचं. खायला चिमूटभरच द्यायचं. आणि खाली माती, तिच्यावर जाड रेती, मग झाडं लावायची.

"माती मले नको शिकवू," सुखीबाई म्हणाल्या.

पेटी धावजींच्या खाटेसमोर, खिडकीपाशी बसली. मानीबाईचा रश्श्याचा प्रश्न तेव्हाचाच. झाडं अशी उठली की मी पुढच्या खेपेला गेलो तर पानं पाण्याच्या वर आली होती. धावजी उशीला टेकून बसलेले. सुखीबाई त्यांचा उजवा हात हातात घेऊन वर-खाली करत होत्या आणि धावजींचं तिकडे लक्षच नव्हतं. मासे पाहण्याच्या नादात व्यायाम होऊन जायचा. मी तासभर बसलो. निघताना ठक् ठक् झालं. म्हणजे, निघा. मला फार बरं वाटलं.

पाणी चहासारखं व्हायला लागलं होतं, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, झाडांचा रंग उतरला असेल.

पुढं जे झालं ते सुखीबाईंनीच मला सांगितलं. एके सकाळी सगळे मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. सुखीबाईंना वाटलं भूक लागली, म्हणून त्यांनी आणखी खाणं टाकलं. धावजींनी ठक् केलं. सुखीबाई दलियाचा वाडगा घेऊन बसल्या होत्या, त्यांना वाटलं पोट भरलं. वाडगा नेला. पुन्हा ठक्. पाणी आणलं. पुन्हा ठक्. उशी सरकवली, पांघरूण काढलं. ते ठोकतच राहिले, एकेक टोला, आणि सुखीबाई घरभर फिरून एकेक वस्तू आणत राहिल्या.

"ते माशाईसाठी थांब म्हनत होते, भाऊजी. खानं टाकनं थांबव म्हनत होते. मले कायले नाई समजलं?"

दुपारपर्यंत सहाही मासे उलटे झाले. धावजींनी ते सगळं पाहिलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दलिया घेईनात, हात हलवू देईनात. विचारलं तर एक टोला. काहीही विचारलं तरी एकच टोला.

निरोप मिळाला तसा जमीर मोटारसायकलवरून आला. मी त्याच्या मागं बसून गेलो होतो. दारातच त्याला वास आला. त्यानं पेटीत बोट घातलं, नाकाशी नेलं.

"काकू, माती कोनती टाकली?"

"तिजेची."

"म्हंजे?"

"वारुळाची. चाळून. अन् बकरीच्या लेंड्या कुटून."

जमीरनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! काकू, तुम्ही माशाईले उकिरड्यात ठेवलं!"

"तूच म्हनला न माती टाक म्हनून!"

"माती म्हनलो. लेंड्या कुठं म्हनलो?"

"बिनखताची माती मी आजपावतर कोनाले देल्ली नाई."

उंबऱ्यावरून मानीबाई फिसकन हसली. सुखीबाई हसल्या नाहीत. त्या पेटीपाशी खाली बसल्या आणि तळाचा काळसर थर त्यांनी नीट पाहिला.

"कच्चं खत पऱ्हाटीच्या बुडाशी टाकलं तं पऱ्हाटी जळते," त्या म्हणाल्या. "हे मले मालूम आहे. शेतात मी असं कधी नाई केलं. मंग इथं काहून केलं?" उत्तरही त्यांनीच दिलं. "तिजेले चालते. तिजेले पुढं जगायचंच नसते न. आठ-नऊ दिवस दाट दिसली, झालं. मंग बुडवाची."

खाटेवर धावजींची पाठ होती. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही.

जमीर म्हणाला, ही माती फेका, मी दुसरी आणून देतो. सुखीबाईंनी ऐकलं नाही. मातीत दोष नव्हता, घाई त्यांची होती, असं त्यांचं म्हणणं. मग जमीरनंच सांगितलं, की मातीची गरमी काढता येते. पाण्यात भिजवायची, वर तरंगेल ते फेकायचं, उन्हात खडखडीत वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. "पर टाइम लागंन काकू."

"लागू दे."

अंगणात टिनाचे पत्रे मांडून सुखीबाईंनी माती वाळत घातली. लेंड्यांचा चुरा पाण्यावर यायचा, तो त्या ओंजळीनं काढून वांग्याच्या झाडांना टाकायच्या. कुबट वास तांडाभर जायचा.

"मातीचे पापड घालून राह्यली का वं?" मानीबाई विचारायची.

"हाव. तुले तळून देईन."

उन्हाळा सुरू झाला होता, तेवढंच बरं. झाडं घमेल्यात पाणी भरून ठेवली होती. त्यातली अर्धी कुजली. वाचलेल्या काड्या मेल्या की जिवंत, ते ओळखू येत नव्हतं. आणि घरात धावजी. अंगावर मांस राहिलं नव्हतं. सुखीबाई भिंत आणि खाट यांच्या मधल्या फटीत अंग चोरून बसायच्या आणि तिथून भरवायच्या. दहा वेळा विचारावं तेव्हा एखादा घास जायचा. त्या काळात मी जायचो आणि नुसता बसून यायचो. मी गेल्यानं काही फरक पडत होता असं मला वाटत नाही. पण सुखीबाई निघताना "पुढच्या बजारी या" म्हणायच्या, म्हणून जात राहिलो.

माती एका दिवशी त्यांना पसंत पडली. हातात घेऊन वास घेतला, मला दिली, मीही घेतला. पाऊस नसताना पावसानंतरच्या शेतासारखा वास येत होता. यावेळी त्यांनी पातळ थर दिला, त्यावर नाल्यातली धुतलेली जाड रेती दोन बोटं. काड्या लावल्या. पेटी मात्र पूर्वीच्या जागी ठेवली नाही. रिकामी होती तोवरच खाट पुढं ओढून त्यांनी ती भिंतीच्या बाजूला मांडली, बरोबर धावजींच्या तोंडासमोर.

धावजींनी डोळे उघडले. समोर पेटी. त्यांनी मोठ्या कष्टानं मान दुसऱ्या बाजूला फिरवली.

"फिरा, फिरा," सुखीबाई म्हणाल्या. "तिकडं दार आहे, अन् दारात मानी आहे. पाहा दिवसभर."

मानीबाई खरंच दारात होती. धावजींनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा पेटीकडे केली. त्या घरात कित्येक दिवसांनी कोणी हसलं असेल तर त्या वेळी.

मासे आणायचे नाहीत, आधी पाणी आणि झाडं बसू द्यायची, असं जमीरनं बजावलं होतं. पण नुसतं पाणीही धड राहीना. समोरच्या खिडकीतून ऊन थेट पेटीवर यायचं, आणि थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार झालं, पालकाच्या भाजीसारखं. आतलं काही दिसेना. सुखीबाई रडकुंडीला आल्या. जमीर म्हणाला ऊन अडवा. त्यांनी ट्रंकेतून त्यांच्या सासूचा फेटिया काढला. फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा आरसे जडवलेला घागरा. तो खिडकीवर टांगला. उन्हाची तिरीप आरशांवर पडली की टिनावर लहान लहान ठिपके हलायचे. रोज थोडं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं. हळूहळू हिरवेपणा विरला. आतल्या काड्यांपैकी एकीच्या बुडातून पोपटी पान निघालेलं दिसलं. पाठोपाठ दुसरीला.

मग एका सकाळी सुखीबाई चुलीपाशी होत्या आणि आतून ठक् आलं. त्या धावत गेल्या. धावजी पेटीकडे पाहत होते. सुखीबाईंनी पाहिलं, काही दिसलं नाही. पुन्हा ठक्. यावेळी त्या घरभर वस्तू शोधत फिरल्या नाहीत. धावजींच्या डोक्याशेजारी डोकं ठेवून, त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. काचेवर तांदळाच्या कणीएवढी एक गोगलगाय सरकत होती. झाडांच्या काड्यांबरोबर तिचं अंडं कधी आलं होतं कोण जाणे.

"गोगलगाय आली वं! जित्ती आहे!" सुखीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मानीबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला वाटलं, धावजींचं काही झालं.

त्या तिघांनी ती गोगलगाय काचेच्या वरच्या कडेपर्यंत जाईस्तोवर पाहिली, असं मानीबाईनं मला सांगितलं. "अर्धा दिवस गेला हो माह्या." माहूरची गाडी कधी मिनिटभर उशिरा न नेणारे धावजी त्या दिवसापासून गोगलगायीच्या वेळापत्रकावर चालू लागले. ती खाली गेली की पाहायला त्यांना टेकून बसावं लागायचं. ती कोपऱ्यात गेली की वाकावं लागायचं. सुखीबाई मुद्दाम मदत उशिरा करायच्या. दलिया पुन्हा जायला लागला. गोगलगायी चार झाल्या, दहा झाल्या.

आता मासे आणायला हरकत नाही, असं जमीरनं म्हटलं तेव्हा मात्र सुखीबाईंनी टाळाटाळ सुरू केली. आज अमावस्या आहे, उद्या पाणी गढूळ वाटते, परवा पाहुणे येणार आहेत. मी एकदा हळूच विचारलं.

"मले भेव लागते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता कुठं इकडं पाहून राह्यले. पुन्हा मेले तं हे तोंड फिरवतीन, अन् मंग मी पेटी कोन्या भिंतीले ठेवू?"

जमीर शेवटी न विचारताच आला. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि तीन गप्पी. पिशवी त्यानं तशीच बंद पेटीत तरंगत ठेवली. आधी आतलं पाणी पेटीच्या पाण्याएवढंच गार होऊ द्यायचं, मग गाठ सोडायची. मी होतो, मानीबाई उंबऱ्यावर होती.

"नको जमीर," सुखीबाई म्हणाल्या. "घेऊन जाय."

"काकू, पानी एकदम साफ आहे. मी घरी तपासून पाह्यलं."

"मासे सोडले तवाही साफच दिसत होतं."

"तवा लेंड्या होत्या! आता मी सांगून राह्यलो न, काही नाई होत. सोडतो मी."

"सोडू नको म्हनलं न तुले!"

"अवं सोडू दे न त्याले," मानीबाई मध्येच म्हणाली.

"तू चूप!"

तेवढ्यात टोला पडला. तो लाकडावरचा नव्हता, काचेचा आवाज होता. आम्ही वळून पाहिलं. बोलण्याच्या नादात आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. धावजी उठून बसले होते. दोन्ही पाय खाटेखाली सोडलेले, उजवा थोडा वाकडा, आणि डावा हात लांब करून बोट पेटीला लावलेलं. त्यांना कोणी उठवलं नव्हतं.

एक टोला. जमीरचा हात गाठीवरच थांबला. सुखीबाईंचं बोलणं थांबलं.

धावजी पिशवीकडे पाहत होते. माहूरच्या घाटात पुढची गाडी दिसत नसली की ते असे पाहायचे, पुढं वाकून, श्वास धरून. तीन मासे पिशवीत फिरत होते, तोंडं पाण्याखालीच होती. आम्ही सगळे उभे. सुखीबाईंना ते सहन होईना. त्या खाटेच्या कडेला बसल्या, पदर डोळ्यांवर घेतला आणि पेटीकडे पाठ करून बसल्या.

ठक् ठक्.

जमीरला ही भाषा ठाऊक नव्हती, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलायच्या आधी सुखीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दोन झाले. सोड."

जमीरनं गाठ सोडून पिशवी तिरपी केली. एक मासा निघाला, मग उरलेले दोन. ते सरळ खाली पानांत गेले. धावजींनी काचेवरचा हात काढला आणि सुखीबाईंचा पदर धरून ओढला. त्या वळेनात. त्यांनी पुन्हा ओढला, चांगला जोर लावून. तेव्हा त्या वळल्या.

त्यातला एक मासा चारेक दिवसांनी मेला. सुखीबाईंनी धावजींना न सांगता तो काढायचा बेत केला होता, पण धावजींनी आधीच पाहिलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. उरलेले दोघे कुठं आहेत ते शोधत राहिले. ते दोघं जोडपं निघालं, आणि आता पेटीत पिल्लं एवढी आहेत की मोजायला बसलं की चुकतं.

धावजी अजून बोलत नाहीत. बोलतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण वॉकर धरून खाटेपासून पेटीपर्यंत, आणि पेटीपासून दारापर्यंत जातात. माशांना खाणं ते स्वतः देतात, उजव्या हाताच्या चिमटीनं. त्यातलं निम्मं जमिनीवर सांडतं आणि मुंग्या लागतात. सुखीबाई त्यावरून रोज बोलतात, "डाव्यानं टाकत जा न! मीच झाडत राहू का?" आणि डाव्यानं टाकायला लागले तर हात धरून उजवा पुढं करतात.

या श्रावणात पोरी तिजेची माती न्यायला आल्या तेव्हा मी तिथंच होतो. सुखीबाईंनी पूर्वीसारखी मुठीनं लेंड्या घालून माती कालवून दिली. पोरी गेल्यावर मानीबाई मागं रेंगाळली. तिच्या हातात काचेची मोठी बरणी होती, लोणच्याची, धुऊन आणलेली.

"मलेही चार पिल्लं दे न," ती म्हणाली. "उलीसे."

"खायाले का पाहाले?" सुखीबाईंनी विचारलं.

मानीबाईनं तोंड वाकडं केलं. सुखीबाईंनी धावजींकडे पाहिलं. ते दारापाशी वॉकर धरून उभे होते. त्यांनी एक हात सोडून चौकटीवर बोट टेकवलं.

ठक्.

"थांब म्हनतात," सुखीबाई म्हणाल्या. "पहिले माती वाळव."